आक्काची प्लेट खाली आणि दोर हातात! सेंटरबोर्ड ओढायचा दोर बदलायचाय (इंदूर)

वारं_आणि_पोहे | रविवार, रात्री १०:१२

मंडळी नमस्कार. आत्ताच भोपाळहून घरी पोचलोय, अंगाला अजून तलावाचा चिखल आहे, बायको म्हणते आधी आंघोळ आणि मी म्हणतोय आधी फोरमवरचा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आक्का म्हणजे आमची १४ फुटी प्लायवूडची शिडाची होडी, सेकंडहँड घेतलेली, माझी आणि आतेभावाची अर्धी अर्धी. एरवी भोपाळला एका शेडमध्ये असते आणि आम्ही रविवारी पहाटे इंदूरहून निघून मोठ्या तलावावर जातो. पोटातून खाली जाणारी प्लेट (म्हणजेच सेंटरबोर्ड, होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून असते ती) लोखंडी आहे, ६ मिमी, गॅल्व्हनाइज केलेली, पुढच्या बाजूला एका बोल्टवर फिरते आणि कप्पीवरून येणारा दोर ओढला की मागे वर येऊन केसमध्ये (होडीतल्या अरुंद उभ्या पेटीत) बसते.

तर आज दोन-अडीच तास मस्त फिरलो, परत येताना किनारा जवळ आला म्हणून मी प्लेट वर घ्यायला लागलो, जवळजवळ पूर्ण वर आलीच होती आणि फटाक! दोराचा तुकडा माझ्या हातात, मी आतेभावाच्या मांडीवर, आणि प्लेट धाडकन खाली, अख्खी होडी हादरली. सध्या तलावाचं पाणी बरंच मागे गेलंय, काठाला नुसता चिखल, त्यात ती प्लेट नांगरासारखी रुतली (शेतातला नांगर म्हणतोय, होडीचा नाही, जरी काम दोन्हींचं झालं). शेवटी छातीभर पाण्यात उतरून होडी कुशीवर पाडली, प्लेट हाताने आत ढकलली, पोटाखालून रॅचेटवाला पट्टा आवळला आणि ट्रेलरवर टाकून सरळ इंदूरलाच आणली. आता ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे आणि सेक्रेटरींचा पहिला फोन येऊन गेलाय.

दोराचं दुसरं टोक केसच्या आत कुठेतरी आहे. बोल्ट न काढता तिथे पोचता येतं का? आणि दोर कुठला घेऊ? हा दोर मागच्याच वर्षी नवीन टाकलेला, ६ मिमी, चांगल्या पॉलिस्टरचा, एका वर्षात तुटला म्हणजे कमालच आहे. आतेभाऊ म्हणतोय आता स्टीलची वायरच टाकू म्हणजे कटकट संपली.

मालवणी_तांडेल | रविवार, रात्री १०:३१

वायर नको रे बाबा. वायरीचा एक एक धागा तुटतो आणि सुईसारखा वर येतो, ओल्या हाताने ओढलीस की तळवा फाटलाच. आमच्याकडे एकाने जुन्या होडीला वायर लावलेली, दोन महिन्यांनी हाताला चिंध्या गुंडाळून फिरत होता. शिवाय वायरीला चाक मोठं लागतं, तुझ्या त्या लहान कप्पीवर ती दुमडून दुमडून मरणार. आणि क्लीटमध्ये (दोर अडकवायच्या दातेरी पकडीत) कशी अडकवणार? दातच घासले जातील.

आक्का बरी आहे ना पण? प्लेट एवढ्या जोरात पडली तर बोल्टजवळ भेग बघ, पाणी तिथूनच येतं.

नेव्हीकाका_पुणे | रविवार, रात्री १०:५८

काहीही विकत घेऊ नकोस. आधी तुटलेल्या दोराच्या टोकाचा जवळून फोटो टाक. हातात राहिलेलं टोक आणि आतलं मिळालं तर तेही. आणि टोक जाळून "नीट" करू नकोस, तसंच ठेव.

धागेदोरे | रविवार, रात्री ११:०५

मी तर म्हणेन डायनिमा (खूप ताकदीचा कृत्रिम दोर) टाक, विषय संपला. ५ मिमीचा डायनिमा दोन टनांच्या वर जातो, पाण्यावर तरंगतो, पाणी पीत नाही, ताणला जात नाही. गाठीने ताकद निम्म्याहून कमी होते म्हणून स्प्लाइस करावा (टोक दोरातच विणून घ्यावं) लागेल, पण ते काय अर्ध्या तासाचं काम आहे, मी व्हिडिओ कॉलवर शिकवतो.

देवासकरीण | सोमवार, सकाळी ७:४०

दोन टन कशाला हवेत पण? चहा होईपर्यंत हिशोब करून बघितला.

प्लेट साधारण १ मीटर लांब आणि ४० सेंमी रुंद धरते. ६ मिमी जाडी म्हणजे २.४ लिटर लोखंड, म्हणजे जवळपास १९ किलो. पाण्यात २.४ किलोने हलकी. आता प्लेट सरळ खाली लटकते तेव्हा तिचं वजन बोल्टच घेतो, दोरावर फारसं काही नसतं. जसजशी वर येते तसतसा दोरावरचा भार वाढतो आणि आडवी झाली की सगळ्यात जास्त. तिचा मध्य बोल्टपासून ५० सेंमीवर, आणि दोराचं भोक बोल्टपासून किती लांब आहे दादा? समजा २५ सेंमी असेल तर भार दुप्पट, म्हणजे ३७-३८ किलो. झटके-बिटके धरून ७०-८० म्हणा.

चांगला ६ मिमी पॉलिस्टर नवा असताना सहज सहा-सातशे किलोपर्यंत टिकतो. मग तो ८० किलोला तुटला कसा? ताकद कमी पडली म्हणून तर नक्कीच नाही. तेव्हा आणखी ताकदीचा दोर आणून काय होणार?

वारं_आणि_पोहे | सोमवार, सकाळी ९:१५

ताई, भोक २५ नाही, २७ सेंमीवर आहे, आत्ता पार्किंगमध्ये झोपून मोजलं. वॉचमन बघत होता.

फोटो टाकतोय. डावीकडचं टोक माझ्या हातात राहिलेलं. आतलं टोक चिमट्याने वरच्या फटीतून थोडंसं ओढता आलं, तेवढ्याचाच फोटो.

नेव्हीकाका_पुणे | सोमवार, सकाळी ९:५२

हे बघ. दोर ताण सहन न होऊन तुटला तर सगळे धागे वेगवेगळ्या लांबीचे, विस्कटलेले, झाडूसारखे दिसतात. तुझ्या फोटोत एका बाजूचे दोन तृतीयांश धागे एकाच रेषेत कापल्यासारखे आहेत, टोकं काळी पडलीत, आणि उरलेले एक तृतीयांश लांब आणि पिंजलेले. म्हणजे आधी बरेच दिवस कशावर तरी घासून कापला जात होता आणि उरलेला काल तुटला. दोर तुटलेला नाही, कापला गेलाय.

तुटलेली जागा कप्पीवर कधी येते ते बघ. माझा अंदाज, प्लेट पूर्ण वर असताना. होडी शेडमध्ये उभी असते तेव्हा प्लेट वर ओढून क्लीटला अडकवून ठेवता ना? म्हणजे सगळ्यात जास्त भार, आणि आठवड्याचे सहा दिवस त्याच एका बोटभर जागेवर.

केसचं वरचं झाकण काढ आणि कप्पीचा फोटो टाक.

उगाच_विचारतो | सोमवार, दुपारी १:२०

मध्येच एक प्रश्न, सेंटरबोर्डला मराठीत काय म्हणतात? मध्यफळी? पोटफळी? आणि आक्काच्या पोटातून १९ किलोची प्लेट खाली येते हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं तर तिला वाटलं ऑपरेशनचा धागा आहे.

मालवणी_तांडेल | सोमवार, दुपारी १:४४

आमच्याकडे अशी फळी नसतेच, आमच्या होड्यांना बाजूला उलांडी असते ती उलटू देत नाही. वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तर तुमची फळी चांगली, मान्य. ती नसती तर आक्का खेकड्यासारखी आडवी गेली असती.

नेव्हीकाका_पुणे | सोमवार, दुपारी २:०३

प्लेट म्हणा, सगळे प्लेटच म्हणतात. कल्पना जुनी आहे, १८११ साली न्यू जर्सीच्या स्वेन बंधूंनी याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून ती फट आणि तो दोर लोकांना छळतोय.

वारं_आणि_पोहे | सोमवार, रात्री ११:३०

काका, तुमच्या पाया पडायला पुण्याला येतो.

झाकण उघडलं. सहा स्क्रू, त्यातले दोन गंजलेले, एक ड्रिल करून काढला. आत चिखल, शेवाळ, आणि एक शिंपला, तो कुठून आला देव जाणे. कप्पी फिरतच नाहीये! चिखल सुकून चाक पिनेला घट्ट धरून बसलंय आणि ज्या जागी दोर घासायचा तिथे चाकाला सपाट खाच पडलीये.

पण खरी गंमत पुढे. चाकाची खोबण ८ मिमी दोराची आहे. आधी ८ मिमीचाच दोर होता, तो मागच्या वर्षी मी बदलला आणि ६ मिमी टाकला. आता त्या चाकाच्या आणि बाजूच्या पत्र्याच्या मध्ये जी फट आहे त्यात ६ मिमीचा दोर बरोब्बर घुसतो. घुसलेलाच होता, आत त्याच्या बाहेरच्या विणीचे धागे अडकलेले मिळाले. म्हणजे वर्षभर मी दोर चाकावरून नाही तर पत्र्याच्या कडेवरून ओढत होतो. आणि मला वाटायचं आपले दंड कमी झालेत.

आता प्रश्न असा की ६ मिमी मला टाकायला सांगितलं कोणी, म्हणून जुना धागा शोधला...

धागेदोरे | मंगळवार, सकाळी ८:१०

मी. मीच सांगितलं होतं.

जुना धागा मीही शोधला रात्री. "८ कशाला, ६ पुरेल, हलका पडेल, पाणी कमी धरेल" असं मी छातीठोकपणे लिहिलंय. ताकदीचा हिशोब बरोबर होता पण कप्पी कुठली आहे हे विचारलंच नाही. आम्ही डोंगरात दोर वापरतो तिथे कॅराबिनरला (दोर अडकवायच्या कडीला) फट-बिट नसते, ती सवय. सॉरी भाऊ. आणि परवा परत ५ मिमी सांगत होतो, तो तर आणखी आत घुसला असता.

वारं_आणि_पोहे | मंगळवार, सकाळी ८:३२

अरे भिया सॉरी काय त्यात. सल्ला फुकट होता, कप्पी माझी होती, बघायची मीच होती. इंदूरला आलास की पोहे तुझ्याकडून, बस.

देवासकरीण | मंगळवार, सकाळी १०:०५

आता दोन रस्ते. एक, ६ मिमीच ठेवायचा आणि कप्पी बदलायची, अशी की चाक आणि पत्रा यांच्यात दोराला जागाच नाही. दोन, परत ८ मिमीवर जायचं आणि फक्त चाक नवीन करून घ्यायचं. माझं मत दुसऱ्याला, कारण ८ मिमी हाताला धरायला बरा, बोटांना रुतत नाही, आणि कप्पीची बॉडी चांगली असेल तर टाकायची कशाला.

चाक लेथवर करून घे, इंदूरला लेथवाल्यांची काय कमी. फक्त साध्या नायलॉनचं करू नकोस, नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, मग पिनेवर परत जाम. डेल्रिन माग, म्हणजे ॲसिटल, एक कडक प्लास्टिक, ते फारसं फुगत नाही. पिनेचं भोक जरासं सैल ठेवायला सांग. चाक दोराच्या निदान आठपट, म्हणजे ६४ मिमी असावं असं म्हणतात, तुझ्याकडे मावेल तेवढं मोठं कर. आणि ग्रीस अजिबात लावू नकोस, माती चिकटून त्याची सहाण होते. पाण्याने धुतलं की झालं.

नेव्हीकाका_पुणे | मंगळवार, सकाळी १०:४०

ताईंशी सहमत. दोर पॉलिस्टर, विणलेला. बाजारातला पिवळा-निळा स्वस्त दोर असतो तो पॉलिप्रॉपिलीन, उन्हात दोन हंगामात भुगा होतो. नायलॉन ताणला जातो, प्लेट वर अडकवशील आणि ती हळूहळू खाली येईल, शिवाय ओला झाला की कमजोर.

लांबी मापाने कापू नकोस. दीड फूट जास्त ठेव. दर हंगामात प्लेटकडच्या टोकाचे चार-पाच इंच कापून गाठ नव्याने मार, म्हणजे कप्पीवर घासणारी जागा पुढे सरकते. आणि होडी उभी करताना प्लेट ट्रेलरच्या रोलरवर टेकव आणि दोर ढिला सोड.

वारं_आणि_पोहे | शनिवार, रात्री १०:५०

झालं!! सविस्तर लिहितो, कारण मला जसं शोधून काही मिळालं नाही तसं पुढच्याला होऊ नये.

बुधवारी ऑफिसातून लवकर निघून सियागंजला गेलो. पहिल्या दुकानात "होडीसाठी दोर" म्हटल्यावर माणूस म्हणाला साहेब इंदूरमध्ये होडी? दुसऱ्याने नायलॉनलाच पॉलिस्टर म्हणून दाखवलं. पाण्यात दोन्ही बुडतात म्हणून ती परीक्षा उपयोगाची नाही, हाताला ओढून बघितलं की कळतं, नायलॉन रबरासारखा वाटतो. तिसऱ्याकडे ८ मिमीचा विणलेला पॉलिस्टर मिळाला, नऊ मीटर घेतला. चाक ओळखीच्या लेथवाल्याने करून दिलं, पांढऱ्या डेल्रिनचं, ५५ मिमीपर्यंतच मावलं. तो पैसे घेईना, म्हणाला होडीचं काम पहिल्यांदाच केलं, मला एकदा होडीतून फिरवा म्हणजे झालं.

आज सकाळी डोलकाठी उतरवली, पार्किंगमध्ये चार जुने टायर टाकले, वर गोधडी (आईची, न विचारता), आणि सहा जणांनी आक्काला उचलून कुशीवर झोपवलं. इथे एक गोष्ट कळली ती आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. होडी सरळ असताना प्लेटशी झटापट करायचीच नाही. कुशीवर पाडली की बोल्ट उभा होतो आणि प्लेट दारासारखी बिजागरावर फिरते, १९ किलो जाणवतच नाहीत, एका हाताने बाहेर ओढा, एका हाताने आत ढकला. दोरासाठी बोल्ट काढावाच लागला नाही. प्लेट उघडली की दोराचं भोक फटीच्या तोंडाशी येतं, आरामात हात पोचतो.

हो, एक गडबड झाली ती लिहितो, शिव्या घाला. होडी उचलायच्या आधी, ट्रेलरवर असतानाच, आतेभावाने पट्टा सोडला. मी फटीत लाकडाची पट्टी आडवी घालणार होतो, घातली नव्हती. प्लेट खाली आली आणि ट्रेलरच्या आडव्या पाइपवर आदळली. कुणाची बोटं मध्ये नव्हती म्हणून वाचलो.

मग वरून नवीन दोर कसा घालायचा? इलेक्ट्रिशियन पाइपातून वायर ओढायला जी लांब स्प्रिंग वापरतात ती सोसायटीच्या वायरमनकडून आणली, वरून कप्पीवरून घालून खालच्या फटीतून बाहेर काढली, तिच्या डोळ्यात दोराचं टोक सुईदोऱ्याने शिवलं आणि वर टेप गुंडाळला, ओढलं की सुळकन आत. गाठ मारून ओढू नका, गाठ कप्पीत अडकते, मी पहिल्यांदा तेच केलं.

प्लेटच्या भोकाची कड धारदार होती, कानशीने गोल केली आणि थेट दोर न बांधता मध्ये शॅकल (पिनेने बंद होणारी U आकाराची कडी) घातलं. दोराला थिंबल (फासाच्या आत बसणारी खोबणीची कडी), त्यावर बोलाइन गाठ, आणि शेंडा दोऱ्याने आवळून शिवला. वरच्या झाकणातलं भोकही थोडं मोठं करून पॉलिश पेपरने गुळगुळीत केलं, तिथेही जुन्या दोराने चर पाडलेला होता. तसंच कुशीवर ठेवून पंचवीस वेळा आत-बाहेर केली. चाक फिरतंय, डोळ्याने दिसतंय फिरताना!

बोल्टपाशी भेग नाही, तांडेल दादा. वॉशर मात्र चेपलेलं होतं, रबरी वॉशर दोन्हीकडे नवीन.

नेव्हीकाका_पुणे | शनिवार, रात्री ११:१२

काम चांगलं. पट्ट्याबद्दल तुझ्या आतेभावाला माझ्याकडून दोन शब्द ऐकव, कुठले ते तुला कळेल. प्लेट सुटी असताना फटीत आधी लाकूड, मग बाकीचं. त्या फटीत लोकांची बोटं गेलेली मी बघितली आहेत.

शॅकल कुठलं लावलंस, स्टेनलेस का?

वारं_आणि_पोहे | शनिवार, रात्री ११:२०

हो काका, स्टेनलेस, चकचकीत. का? चुकलं का काही?

देवासकरीण | रविवार, सकाळी ८:०२

गॅल्व्हनाइज प्लेटला स्टेनलेस लावलं की पाण्यात त्यांची बॅटरी होते, आणि त्यात जस्त खाल्लं जातं. भोकाभोवतीचं जस्त गेलं की खालचं लोखंड गंजणार, आणि गंजलेली कड म्हणजे परत करवत. गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा सावकाश होतं, घाबरून आजच उघडू नकोस, पण पुढच्या वेळी गॅल्व्हनाइज शॅकल लाव. पिन तारेने बांधलीस ना? नाहीतर धक्क्याने फिरून निघते.

वारं_आणि_पोहे | रविवार, सकाळी ८:१५

तार बांधलीये. शॅकल आजच बदलतो, होडी अजून टायरवरच आहे, सेक्रेटरींनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिलीये.

मालवणी_तांडेल | रविवार, सकाळी ९:३०

पुढच्या वेळेला असं पाण्यात झालं तर होडी पाडायच्या आधी एक करून बघ. लांब दोराचा फास करून पुढून, नाकाखालून पाण्यात सोडायचा, दोन्ही टोकं दोघांनी दोन बाजूंनी धरून मागे चालत जायचं. दोर प्लेटच्या पुढच्या कडेला अडकतो आणि तिला मागे वर ढकलतो.

नेव्हीकाका_पुणे | रविवार, सकाळी ९:४८

चालतं, पण दोर वर सरकून होडीच्या तळाशी येतो आणि मग जोर लागत नाही. मध्यावर काहीतरी वजन बांधून खोल सोडला तर होतं. हलक्या होडीत दोघं उभे राहून मागे चालणार म्हणजे तोल सांभाळा.

मालवणी_तांडेल | रविवार, सकाळी ९:५५

वजन बांधायचंच काका, साखळीचा तुकडा. लिहायचं राहिलं.

वारं_आणि_पोहे | पुढचा रविवार, रात्री ९:२०

आज तलावावर जाऊन आलो. वारा बेताचा, दुपारनंतर चांगला सुटला. प्लेट एका हाताने वर आली, आणि ऐका, क्लीटपासून ओढताना कप्पीचा आवाज येतो, बारीक किरकिर, इतक्या वर्षांत कधी आलाच नव्हता. प्लेट अर्धी वर असते त्या जागी दोरावर लाल दोरा गुंडाळून खूण केली, आता खाली वाकून बघावं लागत नाही. येताना शेडमध्ये प्लेट रोलरवर टेकवून दोर ढिला सोडला. आतेभावाने, स्वतःहून.

जुन्या ६ मिमीच्या दोराचा चांगला राहिलेला चार-पाच मीटर तुकडा आईने उचलला आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधला. गोधडीचा हिशोब चुकता झाला म्हणाली.

धागेदोरे | पुढचा रविवार, रात्री ९:३१

चला, माझा ६ मिमी कुठेतरी तरी चालला.

नेव्हीकाका_पुणे | पुढचा रविवार, रात्री ९:४०

गॅलरीतल्या हुकाची कड बघितली का आईने?